धार-देवासच्या वाटेवर जुना कॅमेरा

इंदूरहून धार पश्चिमेला आणि देवास ईशान्येला. ही दोन गावे एका वाटेवरची नव्हेत, त्यामुळे ती एकाच प्रवासात पाहावीत असे सहसा कोणी ठरवत नाही. तथापि दोन्ही संस्थाने पवारांची आणि दोन्ही १९४८ साली मध्यभारतात विलीन झालेली. आमच्यापुरते म्हणाल तर आमचे आजोळ धारचे, आणि आमची थोरली बहीण देवासला दिलेली. त्यामुळे लहानपणापासून ‘धार-देवास’ हा आमच्या घरात एकच शब्द होता. यंदा माघात ताईचा मुलगा दोन दिवसांची रजा काढून गाडी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, मामी, धार-मांडव करून येऊ, आणि परत येताना देवासला आईकडे चार दिवस राहा.” आम्ही उभयता लगेच तयार झालो.

गाडीत मागच्या आसनावर एक चामड्याची पेटी होती. आत याशिकाचा जुना कॅमेरा होता. समोर एकावर एक अशी दोन भिंगे असलेला, पोटाशी धरून वरून आत पाहायचा. १९७० नंतरच्या काळात लग्ना-मुंजीत छायाचित्रकाराच्या गळ्यात असा कॅमेरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात रोल घालावा लागतो, आणि एका रोलवर बारा चित्रे निघतात. बाराच. हा रोल आज हजार रुपयांच्या आसपास पडतो. म्हणजे कळ एकदा दाबली की ऐंशी रुपये गेले.

सौभाग्यवतींनी स्वाभाविक प्रश्न विचारला. “अरे, तुझ्या खिशात एवढा महागडा मोबाईल आहे. त्यात फुकट हजार फोटो निघतात. मग हे ओझे कशाला?” भाचा हसला. म्हणाला, “मामी, देवासला पोचेपर्यंत सांगतो.” एवढ्या प्रश्नाला दोन दिवस कशाला लागावेत, हे आम्हांला तेव्हा कळले नाही.

प्रश्न केवळ आमच्या भाच्याचा नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना अमेरिकेत कोडॅक कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या अभियंत्याने १९७५ साली तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. पुढे या शोधाने फिल्मचा धंदा असा बसवला की २०१२ च्या जानेवारीत कोडॅकलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्याकडे उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना निघाला होता. त्याचे ‘इंदू’ नावाचे रोल गावोगावच्या स्टुडिओंत असत. तोही बंद पडला. एवढे होऊनही फिल्म मेली नाही. इंग्लंडात इल्फर्डचे कृष्णधवल रोल अजून तयार होतात. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. आणि २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कोरा कॅमेरा विक्रीस काढला. हे सगळे वेडेपणाने होत नसते. याचे कारण शोधायला आम्हांला धारचाच रस्ता बरा वाटला.

धारला आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. किल्ल्यावर गेलो. याच किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे आमची आजी असे सांगे की जणू ती बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभी होती. तेथून लाट मशिदीपाशी आलो. तेथे प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. मिळून सुमारे तेरा मीटर लांबीचे. भाच्याने कॅमेरा काढला, झाकण उघडले आणि मान खाली घातली. या कॅमेऱ्यात पाहताना छायाचित्रकाराला समोरच्या वस्तूपुढे वाकावेच लागते. आतल्या काचेवर चित्र सुलटे दिसते, पण डावे-उजवे उलट. तो एक पाऊल डावीकडे गेला, दोन पावले मागे आला, ढग सरेपर्यंत थांबला. आम्ही घड्याळ पाहिले: अकरा मिनिटे. शेवटी त्याने कळ न दाबताच झाकण मिटले.

“का रे?”

“काही जमलं नाही, मामा. घेतला असता तरी पुन्हा कधी पाहिला नसता.”

तेवढ्या वेळात आम्ही आमच्या मोबाईलवर तेवीस फोटो काढले होते. हे लिहिताना ते पुन्हा पाहावे म्हणून शोधले, तेव्हा त्यांतले एकही दुसऱ्यापासून वेगळे सांगता येईना. स्तंभाच्या तुकड्यांवर उजेड कसा पडला होता ते मात्र आम्हांला नीट आठवते. कारण फोटो काढून झाल्यावर भाच्याबरोबर आम्हीही नुसते पाहत उभे होतो.

धारला जाऊन फडके स्टुडिओ न पाहता परतणे म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागेवरूनच माघारी येणे होय. मूळचे वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला आले आणि येथलेच झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ साली ते निवर्तले. मुंबईत गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी फडक्यांचा हात पाहिला आहे. स्टुडिओत प्लास्टरची मस्तके, अर्धपुतळे, ओळखीचे नि अनोळखी चेहरे एकमेकांकडे पाहत उभे आहेत. तेथे भाच्याने आपल्या उत्तराचा पहिला भाग सांगितला.

शिल्पकार आधी मातीत चेहरा घडवतो, आणि त्यावरून प्लास्टरचा साचा घेतो. साच्यात सगळे उलटे असते: नाकाच्या जागी खळगा, डोळ्याच्या खाचेच्या जागी उंचवटा. साच्यात ओतून पुतळा निघतो. पुतळा फुटला, विकला, हरवला, तरी साचा शाबूत असेल तोवर चेहरा गेला असे म्हणता येत नाही. “मामा, निगेटिव्ह म्हणजे हा साचा,” भाचा म्हणाला. “काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. भिंतीवर लागतो तो पुतळा; पण मोलाचा ऐवज हा.”

दुपारी मांडवला गेलो. धारहून पस्तीस-एक किलोमीटर. जहाज महाल, हिंदोळा महाल, रूपमतीचा मंडप यांची वर्णने या मासिकाच्या वाचकांना नवी नाहीत. आम्ही थांबलो ते होशंगशहाच्या कबरीपाशी. पंधराव्या शतकातली ही पांढऱ्या संगमरवराची वास्तू. शाहजहानचे वास्तुकार येथे येऊन नतमस्तक झाले असे सांगणारा १६५९ सालचा लेख तिच्या दाराशी आहे. दुपारचे दोन वाजले होते. माघातले निरभ्र आकाश, घुमटावर आदळणारे ऊन, आणि आत जाळ्यांमागे काळोख. छायाचित्रकाराची याहून मोठी परीक्षा नाही.

येथे थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या आत जो संवेदक असतो तो म्हणजे लक्षावधी चिमुकल्या वाट्या मांडलेले ताट समजावे. उजेड वाटीत साठत जातो. वाटी काठोकाठ भरली की त्यापुढचा उजेड वाया जातो. मग घुमटाच्या त्या भागात संगमरवराची शीर, सांधा, पागोळीचा डाग काही उरत नाही, नुसता पांढरा कागद उरतो. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे लहानमोठे कण जिलेटिनात बसवलेले असतात. मोठे कण थोड्या उजेडात जागे होतात, बारीक कणांना जास्त उजेड लागतो. म्हणून उजेड वाढत गेला तरी निगेटिव्ह एकदम भरून जात नाही. तिचे काळेपण हळूहळू, अडखळत वाढते, आणि घुमटाचा पोत त्यात शिल्लक राहतो. उलट, सावलीत फिल्म लवकर हात टेकते; तेथे डिजिटलची शक्ती मोठी. म्हणून फिल्मवाला सावली सांभाळून उजेडाची फारशी चिंता करत नाही, आणि डिजिटलवाला उजेड सांभाळून सावली नंतर वर काढतो. आजचे मोबाईल एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती परस्पर जुळवतात आणि घुमटही वाचवतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सौभाग्यवतींच्या मोबाईलमधला घुमट मुळीच वाईट नव्हता. फक्त, ऊन कोठून येत होते ते त्यात कळत नव्हते.

भाच्याच्या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा निकामी झाला आहे. त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बाजारात मिळत नाही. मग तो जुना नियम वापरतो: लख्ख उन्हात भिंगाचे द्वार सोळावर ठेवावे आणि फिल्मचा जो वेग असेल, सेकंदाचा तितकावा भाग तिला उजेड दाखवावा. त्याची फिल्म चारशे वेगाची, म्हणून त्याने कळ पाचशेवर ठेवली. कॅमेऱ्याने ‘टक्’ असा हलका आवाज केला. त्या दिवशीचे ते तिसरे चित्र. कसे आले हे कळायला आठवडा लागणार होता.

रात्री मांडवच्या विश्रामगृहाच्या ओसरीवर बसलो असताना त्याने उरलेले उत्तर सांगितले. ते ऐकल्यावर आम्हांला पहिल्या दिवशीच्या त्याच्या हसण्याचा अर्थ लागला.

आमचे भावजी, म्हणजे त्याचे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटची सहा वर्षे ते अंथरुणाला अधूनमधून खिळलेले असत. त्या सहा वर्षांत भाच्याने त्यांचे असंख्य फोटो काढले: नातवाला पाढे शिकवताना, अंगणात पेरू मोजताना, क्रिकेटचा सामना ऐकता ऐकता डुलकी घेताना. सगळे एका डबीत, तिला हार्ड डिस्क म्हणतात, साठवलेले. दुसरी प्रत काढायची होती. ती उद्या काढू, रविवारी काढू, दिवाळीच्या सुट्टीत काढू असे होत राहिले. भावजींच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी त्याने ती डबी जोडली, तेव्हा ती उघडेना. आतून टिकटिक आवाज येई, एवढेच. दोन ठिकाणी दाखवली. काही हाती लागले नाही. मोबाईल मधल्या काळात बदलला होता. सहा वर्षांचे वडील असे गेले.

“मला आई बोलली असती तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. “ती एवढंच म्हणाली, जाऊ दे, माझ्या डोळ्यांसमोर आहेत.”

आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने, वडीलधारेपणाने, आम्ही म्हणालो की हा दोष यंत्राचा नव्हे, आळसाचा आहे. त्याने लगेच मान्य केले. “दोष माझाच, मामा. पण आळस माझ्याच्याने सुटणार आहे का? मग आळशी माणसाला परवडेल असं काहीतरी हवं ना? निगेटिव्ह पाकिटात घालून कपाटात टाकली आणि पन्नास वर्षं विसरलो, तरी ती आपली आपण असते. फाइल मात्र कुणीतरी सतत उचलून पुढं न्यावी लागते. या डबीतून त्या डबीत, जुन्या यंत्रातून नव्यात. एक पिढी कंटाळली की संपलं.”

आमच्या समजुतीप्रमाणे फिल्मच्या बाजूने जे काही बोलले जाते, चांदीचे कण, रंगांची ऊब, कळेचा आवाज, त्या सगळ्याहून हे कारण जड आहे. निगेटिव्ह विसरली तरी टिकते. फाइल आठवणीने जपली तरच टिकते. अर्थात निगेटिव्हलाही पाणी, बुरशी, आग आणि घर आवरणारी सून या चार शत्रूंचे भय आहेच.

दुसऱ्या दिवशी इंदूरवरून देवासकडे निघालो. इंदूर ओलांडताना राजा दीनदयाळ यांची आठवण निघाली. १८४४ साली सरधना येथे जन्मलेले हे गृहस्थ रुडकीला शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर आले, आणि येथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी हौसेने कॅमेरा हाती घेतला. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि १९०५ साली वारले. त्यांच्या काळी निगेटिव्ह काचेची असे. सुरुवातीच्या पद्धतीत तर रसायन लावलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवावी लागे, म्हणून छायाचित्रकार तंबूसारखी काळोखी खोली बरोबर घेऊन हिंडे. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यांवरून आजही चित्र छापता येते. काच उजेडासमोर धरली की पुरे. कोणती किल्ली नको, कोणता परवलीचा शब्द नको.

देवास आले की आधी टेकडी दिसते. वर तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. खाली एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी कारभारी म्हणून येथे राहिला आणि १९५३ साली त्याने याच टेकडीच्या नावाने पुस्तक लिहिले. आम्हां मराठी मंडळींना मात्र टेकडी म्हटले की तिच्या पायथ्याचे कुमार गंधर्वांचे घर आठवते. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते येथल्या कोरड्या हवेत आले आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. आमच्या भावजींनी त्यांना घराच्या ओट्यावरून कितीदा ऐकले होते, याचा हिशेब ताईकडे आहे.

ताई आता ऐंशीची आहे. आम्ही पोचल्यावर चहा झाला, गुळाची पोळी झाली, आणि मग तिने देवघरातल्या फडताळातून एक फोटो आणला. १९६६ साली लग्नानंतरच्या आठवड्यात देवासच्याच एका स्टुडिओत दोघांनी काढवलेला. ताई खुर्चीवर, भावजी मागे उभे, पडद्यावर रंगवलेला जिना. दोन पावसाळ्यांपूर्वी भिंतीला ओल आली. फ्रेमची काच फोटोला चिकटली आणि काच काढताना भावजींचा चेहरा तिच्याबरोबर निघून आला. आता त्या जागी पांढरा डाग. ताईजवळ तरुण वयातल्या भावजींचे दुसरे चित्र नाही.

फोटो हातात घेऊन भाच्याने उलटा केला. पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का, आणि पेन्सिलीने लिहिलेला चार आकडी क्रमांक. “मामा, यासाठी तुम्हांला आणलंय,” तो म्हणाला. “जुना स्टुडिओवाला तुमच्या ओळखीचा होता ना?”

जुने मालक कधीच वारले होते. दुकानात आता त्यांचा नातू बसतो. पासपोर्टचे फोटो, लग्नपत्रिका आणि मोबाईलची कव्हरे. आम्ही आजोबांची ओळख सांगितली, तेव्हा तो उठून पाया पडला. जुन्या निगेटिव्ह? होत्या. मागच्या खोलीत पत्र्याचे डबे भरून होत्या. या दिवाळीला भंगारात द्यायच्या होत्या. पूर्वी असा माल चांदी काढायला जात असे. क्रमांकाची वही मिळाली. वहीत तारीख मिळाली. मग तो खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, “ढूँढ लो बाबूजी, नंबर सही है तो माल यहीं है।”

तीन तास लागले. डब्यांवरचे आकडे पुसट झाले होते, दोन डब्यांत झुरळांनी पाकिटे खाल्ली होती, एका डब्यात छताचे पाणी शिरून सगळ्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वीट झाली होती. ती वीट पाहिल्यावर आम्हां दोघांच्या मनात एकच भीती आली, पण कोणी बोलले नाही. आमचा आकडा तिच्या शेजारच्या डब्यात होता. तपकिरी पाकीट, आत सव्वातीन बाय सव्वाचार इंचांची निगेटिव्ह. भाच्याने ती कडेने धरून दाराच्या उजेडात नेली. एका कोपऱ्यात बुरशीची जाळी पसरली होती, पण ती रंगवलेल्या जिन्यापर्यंतच येऊन थांबलेली. काळे पातळ, पांढरे केस, आणि भावजींचा चेहरा साबूत.

नातवाने पैसे घेतले नाहीत.

फिल्म घरी धुणारा माणूस न्हाणीघरावर हक्क सांगतो. भाच्याने खिडकीला काळे कापड लावले, लाल दिवा लावला, बादलीवर फळी टाकून एनलार्जर ठेवला. माळव्याच्या वैशाखात रसायनाचे पाणी वीस अंशांवर ठेवायला त्याला बर्फ आणावा लागतो. माघात ती अडचण नव्हती. निगेटिव्ह हाताळण्याआधी त्याने एक गोष्ट केली. ती काचेवर ठेवून, खालून उजेड देऊन, त्याने तिचा डिजिटल कॅमेऱ्याने फोटो घेतला आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. सौभाग्यवतींनी आमच्याकडे अर्थपूर्ण पाहिले. भाच्याला ते दिसले. “मामी, माझं भांडण डिजिटलशी नाहीच,” तो म्हणाला. “प्रत काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण प्रत कशाची काढायची, ते तरी हातात असायला हवं.”

ताईला पाटावर बसवले. कागदावर उजेड पडला, कागद ट्रेमधल्या रसायनात गेला. काही क्षण काहीच नाही. मग आधी पातळाचे काठ आले, मग खुर्चीचा हात, मग दोघांचे केस, आणि शेवटी चेहरे. ताई वाकून पाहत होती. लाल उजेडात एकोणसाठ वर्षांपूर्वीचे भावजी तिच्याकडे पाहू लागले. आम्हांला वाटले आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, “हनुवटीवरची खोक कुठे आहे?”

खोक आम्हांलाही आठवली. लहानपणी टेकडीच्या पायऱ्यांवरून पडून भावजींच्या हनुवटीला झालेली, जन्मभर टिकलेली. ताई पुढे म्हणाली, “तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, फोटो छान आहे पण तुमच्यासारखा नाही. हे म्हणाले, स्टुडिओवाल्याने रूप दिलंय, घे गुपचूप.”

भाच्याने निगेटिव्ह पुन्हा दिव्याशी तिरकी धरली. तेव्हा दिसले. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ‘टचिंग’ करत. चेहऱ्यावरची सुरकुती, खड्डा, व्रण निगेटिव्हमध्ये फिकट दिसतो. तो पेन्सिलीने भरला की छापलेल्या चित्रात नाहीसा होतो. भावजींच्या हनुवटीवर तसे बारीक फटकारे होते, अगदी सफाईने ओढलेले. पेन्सिल वरच्या थरावर होती. चांदी तिच्याखाली जशीच्या तशी होती.

“आई, ही पुसता येईल. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की निघेल. पण मग ते सुंदर दिसणार नाहीत.”

“पूस.”

त्याने पुसली. पाच मिनिटे लागली, आणि त्या पाच मिनिटांत न्हाणीघरात कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. दुसरा कागद ट्रेमध्ये गेला. पुन्हा काठ, पुन्हा खुर्ची, पुन्हा केस. हनुवटीवर, डाव्या बाजूला, एक आडवी बारीक रेघ आली. ताईने ओल्या कागदाला बोट न लावता ती रेघ दाखवली आणि म्हणाली, “हे ते.” मग उठून चहा टाकायला गेली.

आम्ही पेशाने छायाचित्रकार नाही, आणि या वयात मोबाईल टाकून देणार नाही. नातवंडांचे फोटो इंदूरहून परदेशी क्षणात पोचतात, हे सुख आम्हांला हवे आहे. पण भाच्यासारखी माणसे जुन्या कॅमेऱ्याचे ओझे का वाहतात, हे आता आम्हांला विचारावे लागत नाही. १९६६ साली त्या खोलीत ताई होती, भावजी होते, स्टुडिओवाला होता आणि ती निगेटिव्ह होती. भावजींच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड तिच्यावर पडला होता. मधल्या काळात तिची कोणी आठवण ठेवली नाही, तिच्यासाठी कोणी काही केले नाही. आणि तिच्यात जे होते ते स्टुडिओवाल्याच्या पेन्सिलीलाही पुसता आले नाही.

मांडवचा रोल पुढच्या आठवड्यात धुतला गेला. बारांपैकी नऊ चित्रे चांगली आली, दोन हलली, एकात भाच्याचे बोट आले. घुमटावरचे ऊन मात्र जसे होते तसे आहे. स्टुडिओच्या मागच्या खोलीतले उरलेले डबे त्या नातवाच्या संमतीने आता ताईच्या माळ्यावर आहेत, आणि भाचा रविवारी एकेक डबा उघडून वहीशी ताडून पाहतो. या रविवारचे काम पुढच्या रविवारवर न टाकण्याची त्याने शपथ घेतली आहे, असे ताई सांगते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुने फोटो असतील त्यांनी एकदा ते उलटे करून पाहावेत. पाठीवर शिक्का आणि क्रमांक असेल, तर तो ओल येण्याआधी उतरवून ठेवावा; आणि माळ्यावर निगेटिव्हचा डबा असेल, तर यंदाच्या दिवाळीत घर आवरताना तेवढा एक डबा खाली उतरवून कोरड्या जागी ठेवावा.